अक्कांची साक्ष

अक्का डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायच्या.

आम्हा मराठी ख्रिस्ती घरांतल्या मुलांना सगळ्यात आधी शिकवतात ते डोळे मिटून हात जोडायला. माझे आजोबा नगरकडे मिशनच्या शाळेत मास्तर होते. प्रार्थना चालू असताना डोळे किलकिले केले म्हणून त्यांनी मला दोनदा उठाबशा काढायला लावल्या होत्या. त्यामुळे नवरा आणि मी बेंगळुरूच्या बनशंकरी भागात भाड्याचं घर बघायला गेलो आणि घरमालकीणबाई "आधी प्रार्थना करू या" म्हणून थेट माझ्या तोंडाकडे बघत देवाशी बोलायला लागल्या, तेव्हा आपण कुठे बघावं तेच मला कळेना.

"प्रभू, ही माणसं बरी दिसतात," त्या म्हणाल्या. "नवरा गप्प आहे. बाई नळ चालू ठेवून भांडी घासणाऱ्यातली वाटते. तरी यांस ठेवते. आमेन."

आणि वरच्या मजल्याची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली.

गल्लीतले सगळे त्यांना अक्का म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. सत्तरी ओलांडलेली, काळीसावळी, काटक बाई. लग्न केलेलं नव्हतं. महाराष्ट्रातून नर्सिंग शिकायला म्हणून बेंगळुरूला आल्या आणि इथेच एका इस्पितळात मेट्रन होऊन निवृत्त झाल्या. त्यांचं मराठी मिशनच्या बोर्डिंगात शिकलेलं, आणि नंतर इतकी वर्षं बोलायला कुणी नसल्यामुळे तसंच राहिलेलं. त्यात 'तुम्हांस', 'यास्तव' असे शब्द असत आणि मध्येच कन्नड शिरे. "यास्तव स्वल्प थांबा" असं वाक्य मी दुसऱ्या कुणाच्याही तोंडून ऐकलेलं नाही.

एकदा आम्ही दोघी रिक्षाने चाललो होतो. सिग्नलला बराच वेळ रिक्षा अडकली. अक्का समोरच्या आरशात बघत कन्नडमध्ये म्हणाल्या, "बाबा, इथून सोडव आता. किती वेळ बसवून ठेवशील?" रिक्षावाला वळून म्हणाला, "स्वल्प तडीरी, जरा दम धरा अम्मा, सिग्नल आहे, मी काय करू?" अक्का म्हणाल्या, "तुझ्याशी नाही रे." तो बिचारा मान वाकडी करून वर, रिक्षाच्या छताकडे बघायला लागला. तेवढ्यात सिग्नल सुटला. पुढचा सगळा रस्ता तो आरशातून अक्कांकडे जरा धसकूनच बघत होता.

डोळे का मिटत नाही, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "वॉर्डात मी डोळे मिटून उभी राहिले असते तर सलाईन कोणी बघितलं असतं?"

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांना खोटं बोलता येत नसे. शिष्टाचाराचंही नाही. मी केलेली पुरणपोळी त्यांनी खाली नेली आणि दुसऱ्या दिवशी ताट परत देताना म्हणाल्या, "जाड होती." इंजेक्शन देताना 'काही दुखणार नाही हं' असं त्या कुठल्या पोराला कधी म्हणाल्या नाहीत म्हणे. दुखेल, असंच सांगायच्या, आणि मग त्याचा हात धरायच्या. गल्लीतल्या पोरांना मात्र सुई टोचून घ्यायला त्याच लागत.

त्या घरात राहायला गेल्यावर वर्षभरात माझ्या नवऱ्याने, सुहासने, आणि मी मूल दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवलं. त्याआधीची पाच वर्षं दवाखान्यांत गेली होती. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. नोंदणी सरकारी वेबसाइटवर झाली, कागदपत्रं चढवली, सोशल वर्कर घर बघून गेली, आणि मग यादीतला आमचा नंबर पुढे सरकण्याची वाट बघणं सुरू झालं. मूल दोन वर्षांच्या आतलं हवं, असं आम्ही लिहिलं होतं. बहुतेक सगळे तेच लिहितात. सुहास रोज सकाळी चहाबरोबर नंबर बघायचा. कधी तो चार घरं पुढे गेलेला असे, कधी महिनाभर हलत नसे.

शिवाजीनगरच्या बाजाराजवळ एका जुन्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये महिन्यातून दोन रविवारी मराठी उपासना असायची. पंचवीस-तीस माणसं. कारखान्यांतून निवृत्त झालेली जुनी कुटुंबं आणि आमच्यासारखे पुण्याहून आलेले आयटीवाले. सगळी प्रेमळ माणसं. आणि त्यातला प्रत्येक जण मला भेटला की म्हणायचा, "काळजी करू नकोस, देवाच्या वेळेनुसार होईल." पहिल्या वर्षी ते ऐकून बरं वाटायचं. दुसऱ्या वर्षी मी हसून मान हलवायची. तिसऱ्या वर्षी मी उपासना संपायच्या आत चपला घालायला लागले.

अक्का मात्र असं म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे गाठायच्या. "त्याची वेळ तुम्हांस कशी कळली? मी साठ वर्षं बोलते आहे त्याच्याशी, मला तर कधी सांगितली नाही." एकदा पाळकसाहेबांनी म्हातारपणी मूल झालेल्या बायबलमधल्या बायकांवर उपदेश केला. तो माझ्यासाठीच असावा, कारण ते सारखे माझ्याकडे बघत होते. दारात हात मिळवताना अक्का त्यांना म्हणाल्या, "त्यांना झालं म्हणून त्यांची गोष्ट लिहिली गेली. ज्यांना झालं नाही त्या घरी जाऊन काय करत होत्या, त्यावर एकदा बोला." पाळकसाहेब भले गृहस्थ. "बघतो हं," म्हणाले.

त्या तिसऱ्या वर्षातल्याच एका रविवारी एका तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होता. बाळाची आई माझ्याच ऑफिसातली, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. पाळकसाहेबांनी बाळाच्या कपाळावर पाणी घातलं, बाळाने भोकाड पसरलं, सगळे हसले, आणि मी उठून बाहेर आले. कंपाउंडच्या बाहेर मासळी बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी नुसती उभी होते. पाच मिनिटांत अक्का पिशवी सावरत आल्या. मला वाटलं, आता काहीतरी समजुतीचं बोलतील.

"भूक लागली आहे," त्या म्हणाल्या. "चल."

कोपऱ्यावरच्या लहानशा हॉटेलात आम्ही सेट डोसा मागवला. अक्कांनी आपल्या वाट्याचे तिन्ही डोसे खाल्ले. मग बोटं पुसत विचारलं, "तू मागतेस काय नेमकं?"

"तुम्हाला माहीत आहे, अक्का."

"माहीत नाही. सांग."

"मूल."

"ते कुठे आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, "कुठे आहे म्हणजे? अजून मिळालंच नाहीये."

"तुला मिळालं नाही. पण जन्मलं असेल की. नसेल तर पोटात असेल कोणाच्या तरी. तीन वर्षं तू, मला दे, मला दे, म्हणतेस. ते आज जेवलं का, हे कधी विचारलंस?"

डोसा माझ्या समोर तसाच पडून होता. बाहेर एक बसचा कंडक्टर ओरडत होता. मला आठवतं, मला आधी राग आला. आणि मग एकदम असं वाटलं की खरंच कुठेतरी, या क्षणी, एक मूल बसलेलं आहे आणि मी त्याच्याबद्दल काहीच विचारलेलं नाही.

इथे बेंगळुरूत माणसं भेटली की एकमेकांना विचारतात, "ऊट आयता?" जेवण झालं का? दुकानदार विचारतो, वॉचमन विचारतो. त्या दिवसापासून मी देवाला तेवढंच विचारायला लागले. सकाळच्या ऑफिस मीटिंगच्या आधी, हेडफोन कानाला लावता लावता: जेवलं का ते? पाऊस येऊन लाइट गेली की: ते घाबरलं असेल, कुणाला तरी त्याच्याजवळ पाठव. माझ्या लहानपणापासूनच्या प्रार्थना लांबलचक असत, आजोबांसारख्या, सुरुवातीला स्तुती आणि शेवटी आभार. या प्रार्थना दोन-दोन ओळींच्या होत्या. पण त्या करायला मला आठवण करून द्यावी लागत नसे.

माझा विश्वास वाढला, असं म्हणताना मला संकोच वाटतो. तो काही रोपटं नाही की उंची मोजावी. तोवर देव माझ्यासाठी, ज्याच्या टेबलावर आमची फाइल पडून आहे असा साहेब होता. आता मला त्याच्यावर वेगळीच भिस्त ठेवावी लागत होती. जिथे मी पोचू शकत नव्हते तिथे तो पोचलेला आहे, एवढं धरून चालावं लागत होतं. ते धरलं नसतं तर रात्रीची झोप लागली नसती. आणि झोप लागायला लागली होती.

सुहासचं तसं झालं नव्हतं. तो हळूहळू नंबर बघेनासा झाला. एके दिवशी म्हणाला, "पुरे करू या आता. नाव काढून टाकू." आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि मी पुण्याला माहेरी निघून गेले. अकरा दिवसांनी तो मला न्यायला आला.

हे भांडण एरवी आमच्यातच राहिलं असतं. पण होम स्टडीचा, म्हणजे घर बघून लिहिलेला, अहवाल तीन वर्षांनी नव्याने करावा लागतो. दुसऱ्या वेळी नवी सोशल वर्कर आली, स्कूटरवरून, तरुण, पाठीला सॅक. तिने आमची घरं, पगार, आजारपणं सगळं विचारलं. आम्ही शहाण्या मुलांसारखी उत्तरं दिली. मग ती म्हणाली, "शेजाऱ्यांशी बोलायला लागेल." मी तिला खाली घेऊन गेले आणि परत फिरणार, तर अक्का म्हणाल्या, "ही पण बसू दे. हिच्या पाठीमागे बोलण्यासारखं काही नाही."

सोशल वर्करने इंग्रजीत विचारलं, "या दोघांचं आपसात कसं आहे?"

"भांडतात," अक्का म्हणाल्या. "मागल्या वर्षी ही अकरा दिवस माहेरी निघून गेली होती. यानं अकरा दिवस भात करपवला. मला खाली वास यायचा."

सोशल वर्करचं पेन थांबलं.

"कशावरून भांडले?"

"मुलावरूनच. तो म्हणाला, पुरे."

"मग?"

"मग तो आणायला गेला. त्याला बस लागते, घाटात ओकतो, तरी बसनं गेला. दोघं परत आले ते वर नाही गेले, माझ्या दारात उभे राहिले. म्हणाले, आमच्यासाठी प्रार्थना करा. मी म्हटलं, तुम्ही करा, मी ऐकते. हिनं केली. त्या पोराचं जेवण झालं का, विचारलं देवाला. मग हा म्हणाला, आमेन. इतकी वर्षं मी याला ओळखते, तो आमेनसुद्धा मनात म्हणतो. त्या दिवशी मोठ्यानं म्हणाला."

सोशल वर्कर लिहीत होती. काय लिहीत होती ते मला दिसत नव्हतं. शेवटी तिने ठरलेला प्रश्न विचारला, "दत्तक मूल या घरात राहायला आलं तर तुम्हाला काही अडचण आहे का?"

"अशी पोरं जिथून येतात तसल्याच घरात मी वाढले," अक्का म्हणाल्या. "मिशनच्या अनाथ मुलींच्या घरात. कोणी मूल बघायला आलं की आमच्या केसांना तेल लावायचे आणि चटईवर ओळीत बसवायचे. मी चार वर्षांची असल्यापासून बसले. दरवेळी शेजारची उचलली जायची, लहान असेल ती. आठव्या वर्षी मी ओळीत बसायचं सोडलं. पाहुणे आले की स्वयंपाकघरात जाऊन शेंगा सोलत बसायचे." मग त्या उठल्या. "कॉफी घेशील?"

अक्का लहानपणी कुठे होत्या, हे मी चार वर्षांत कधी विचारलं नव्हतं. बोर्डिंगात होत्या, एवढंच माहीत होतं. तरी सोशल वर्करची स्कूटर गल्लीबाहेर पडल्याबरोबर मी त्यांच्यावर तुटून पडले. माझा सगळा जीव त्या अहवालात अडकलेला होता.

"तुम्ही भांडणाचं का सांगितलंत? नापास केलं आम्हाला तर?"

"तिनं विचारलं."

"सगळंच सांगायचं असतं का?"

"पोरानं इथं येऊन तुमची भांडणं ऐकायचीच आहेत. यास्तव तिला माहीत असलेलं बरं." त्यांनी कपबशा उचलल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "दोन वर्षांच्या आतलंच का मागितलंत?"

"लहान असलं की..." मी म्हटलं, "लहान असलं की आपलं होतं."

त्या वळल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी आठ वर्षांची होते. मी कोणाची झाले नसते?"

मी वर आले.

तीन दिवस मी खाली गेले नाही. चौथ्या दिवशी सुहासला सगळं सांगितलं. मोठं मूल आलं तर त्याला काय काय आठवत असेल, आपल्याला जमेल का, ते आपल्याला नको म्हणालं तर काय, हे सगळं आम्ही दोन आठवडे बोललो. कधी चालताना, कधी भाजी निवडताना. आणि मग एका शनिवारी सकाळी वेबसाइटवर जाऊन वयाच्या रकान्यात चार ते सहा निवडलं. त्याच महिन्यात अहवाल मंजूर झाल्याचं कळलं. ती सोशल वर्कर फोनवर हसून म्हणाली, "सगळे शेजारी आदर्श जोडपं म्हणून सांगतात. विश्वास ठेवण्यासारखं पहिल्यांदाच काही ऐकलं."

सात महिन्यांनी मेसेज आला. सुहासला त्या दिवशी पुण्याला जायचं होतं. मी त्याला विमानतळावर सोडायला निघाले होते. देवनहळ्ळीच्या अलीकडे, नव्या लेआउटच्या, म्हणजे प्लॉटविक्रीच्या, पाट्या लागलेल्या एका द्राक्षमळ्याशेजारी आम्ही गाडी थांबवली आणि फोन दोघांच्या मध्ये धरला. एक फोटो. साडेपाच वर्षांची मुलगी, उत्तर कर्नाटकातल्या एका बालगृहातली. केस बारीक कापलेले, एका भुवईवर जुनी खूण, फोटोसाठी हसायला सांगितलेलं आणि न हसलेली. खाली वैद्यकीय अहवाल. उत्तर द्यायला दोन दिवस होते.

काय उत्तर देऊ, ते विचारायला मी अक्कांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी सांगणार नाही." फोन बंद.

सुहासने स्टिअरिंगवर ठेवलेले हात तसेच ठेवले आणि मला काही कळायच्या आत मोठ्याने बोलायला लागला. "प्रभू, मला भीती वाटते. हो म्हणतो आहे." एवढंच. मी आमेन म्हटलं. तो विमानाने पुण्याला गेला आणि मी एकटी गाडी चालवत घरी आले. रस्त्यात पेट्रोल भरायला थांबले तेव्हा त्या पंपावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, काय झालं?" मी रडत होते हे मला तेव्हा कळलं.

अक्का मागच्या वर्षी गेल्या. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच. चर्चमध्ये त्यांच्याबद्दल बोलायला मला उभं केलं होतं. तिथे मी रिक्षाची गोष्ट सांगितली, पुरणपोळीची सांगितली, सगळे हसले. जिन्यावरची गोष्ट मात्र सांगता आली नाही.

मुलगी घरी आली त्या दिवशी अक्का वर आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "तिला आधी तुमचं दार कळू दे." पण तिला बोलायला तर अक्काच लागणार होत्या. आमचं कन्नड बाजारापुरतं, आणि तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. ती आम्हाला कुठल्याच नावाने हाक मारत नसे. दिलेलं खायची, सांगितलं तिथे झोपायची. आंघोळ, कपडे सगळं स्वतः करायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही. फ्रॉकच्या पाठीवरच्या गुंड्यांना तिचा हात पोचत नसे. त्या तशाच उघड्या राहत, आणि ती पाठ भिंतीकडे करून बसायची.

नवव्या दिवशी सकाळी ती घरात दिसेना. मी घाबरून जिन्याकडे धावले आणि अर्ध्या जिन्यावरच थांबले. खाली अक्का पायरीवर बसून शेवग्याचा पाला निवडत होत्या आणि ही त्यांच्या समोर उभी होती. तिने अक्कांना विचारलं, "नन्न वापस कळिस्तारा?"

मला परत पाठवतील का? तेवढं कन्नड मला कळलं.

मला वाटलं अक्का म्हणतील, नाही ग बाळा. दुसरं कोणीही तेच म्हटलं असतं. अक्कांनी हातातली काडी बाजूला टाकली आणि म्हणाल्या, "नंगे गोत्तिल्ला." मला माहीत नाही. मग माझ्याकडे बोट केलं. "ती तिथे उभी आहे. तिलाच विचार."

मुलगी वळली. नऊ दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. तिने प्रश्न परत विचारला नाही. नुसती बघत राहिली.

"इल्ला," मी म्हटलं. "कळिसल्ला." नाही पाठवणार. एवढेच दोन शब्द मला जमले. व्याकरण बरोबर होतं की नाही तेही ठाऊक नव्हतं.

तिने थोडा वेळ विचार केला. अक्का पुन्हा पाला निवडायला लागल्या होत्या. मग ती एकेक पायरी चढत वर आली, माझ्या दोन पायऱ्या खाली थांबली, आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

तीन गुंड्या होत्या. मी खाली बसले आणि सावकाश एकेक लावली.